एक केबल काढली तरी चालते

हे मी आजवर कुणापुढे बोललेलो नाही. बायकोपुढे नाही, सख्ख्या भावापुढेही नाही. तसा मी बडबड्या माणूस, पोटात काही राहत नाही असं घरचे म्हणतात — त्यांना काय माहीत! तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही तात्यांना ओळखत नाही. ज्यांना सांगायला हवं होतं, ते गेल्या श्रावणात गेले. दहाव्याला त्यांच्या गावी, लासुर्ण्यात, माझ्या शेजारी उभा असलेला एक जण हळूच म्हणाला, "हाताचा लई चोख मानूस. जन्मात एकदाच चुकला बिचारा." आणि मी मान हलवली. होय म्हणून हलवली.

आधी मी कोण ते सांगतो. बारामती आणि इंदापूरच्या मधल्या पट्ट्यात एक साखर कारखाना आहे, तिथे मी संगणक विभाग सांभाळतो. कारखान्याचं नाव घेत नाही, कारण यात दोष त्याचा नाही. गाव माझं पणदरे, राहायला बारामतीत. आणि तात्या — दिनकरतात्या — आमचे वायरमन. एकतीस वर्षं त्यांनी तारांमध्ये काढली. लासुर्ण्यातल्या निम्म्या घरांची वायरिंग त्यांच्या हातची. कुणाची विहिरीवरची मोटर बंद पडली की लोक तात्यांच्या दारात, आणि तात्या जेवणावरून उठून जाणार. मला ते सायेब म्हणायचे. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, तरी सायेब. मला ते आवडायचं, हेही सांगून टाकतो.

आता थोडं कामाचं. आमच्याकडे युनिक्सचा एक मोठा सर्व्हर आहे. खोका एकच, पण त्याच्या पोटात चार सर्व्हर नांदतात — वजनकाट्याचा, प्रयोगशाळेचा, स्टोअरचा आणि हजेरीचा. या चौघांना बाहेरच्या जगाशी बोलायला स्वतःचं नेटवर्क कार्ड नसतं. सगळ्यांत मिळून दोन कार्डं, दोन केबली. एक नंबरची चालू, दोन नंबरची राखीव. एक तुटली की दुसरीने चार-पाच सेकंदांत आपणहून काम उचलायचं. विहिरीवर जास्तीची मोटर ठेवतात, तसंच हे.

हे बसवायला पुण्याहून तंत्रज्ञ येणार होते. मीच म्हटलं, कशाला? मी करतो की. संचालकांच्या बैठकीत उभं राहून म्हटलं. त्या दिवसांत माझे पाय भुईला लागत नव्हते. या पट्ट्यात हे काम जाणणारा मी एकटा, असं मला वाटायचं. नुसतं वाटायचं नाही, मी ते चारचौघांत बोलूनही दाखवायचो.

मग बसवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बॉयलर पेटवण्याची पूजा होती, पत्रिका वाटून झाल्या होत्या. दुपारी चारला मी शेवटची चाचणी घेतली. चाचणी म्हणजे काय? एक नंबरची केबल काढायची आणि पडद्यावर बघत बसायचं. सर्व्हरकडून येणाऱ्या उत्तरांच्या ओळी थांबतात, चार-पाच सेकंद जातात, पुन्हा सुरू होतात. मी केबल काढली. ओळी थांबल्या. पाच सेकंद. दहा. तीस — काही नाही. दोन नंबरची केबल मेल्यासारखी पडून. मी घाईघाईने पहिली परत लावली आणि इकडेतिकडे बघितलं. कुणी नव्हतं.

काय करायला हवं होतं, हे तुम्हालाही कळतंय. पुण्याला एक फोन. पण मग बैठकीत काय तोंड दाखवू? मी चाचणीचा कागद घेतला आणि लिहिलं — यशस्वी. खाली सही केली. एवढ्यावर थांबलो असतो तरी... पण नाही. मी एक दुसरा कागद छापला, प्लास्टिकमध्ये घालून सर्व्हरच्या कपाटाच्या, म्हणजे रॅकच्या, दारावर चिकटवला: "एक केबल काढली तरी चालते." त्यावरही सही. पूजेला आलेल्या पाहुण्यांनी तो वाचावा म्हणून.

उद्या दुरुस्त करू, असं मनाशी म्हटलं होतं. पण हंगाम सुरू झाला की कारखान्यात चालत्या गोष्टीला कुणी हात लावू देत नाही. मिल रात्रंदिवस फिरते; वजन झाल्याशिवाय ऊस आत जात नाही, त्यामुळे काटा थांबला तर सगळंच थांबतं. चाचणीसाठी दहा मिनिटं मागितली असती, तर विचारलं असतं — ती तर झाली ना? मीच माझ्या हाताने दार लावून घेतलं होतं. एक महिना गेला, दुसरा गेला. मला सवय झाली. खोट्याची इतकी सवय होते, हे मला आधी माहीत नव्हतं.

मग तो दिवस आला. सकाळी अकराला मी आणि आमचे चीफ इंजिनिअर माझ्या खोलीत चहा घेत होतो. तात्या दारात आले. चप्पल बाहेर काढून आले, नेहमीसारखे. "सायेब, एक नंबरच्या केबलीला उंदरानं कुरतडलंय. आज-उद्या तुटंल ती. नवी करून ठिवलीय. बदलू का? दारावर लिवलंय न्हवं, एक काढली तरी चालतंय म्हून."

इंजिनिअरसाहेबांनी माझ्याकडे कौतुकाने बघितलं. "बघा, याला म्हणतात व्यवस्था."

थांबा तात्या, मी येतो — एवढं म्हणायला किती वेळ लागला असता? जिभेवर आलं होतं. पण मी कपाकडे बघत म्हटलं, "बदला, तात्या."

उचलेल कदाचित दुसरी केबल काम, असंही क्षणभर मनात आलं. नाही उचलणार हे माहीत होतं.

दोन मिनिटांत काटा बंद पडला. नवी केबल लागायला आणखी थोडा वेळ गेला, पण तेवढ्यात काट्याच्या चालू नोंदी मधेच तुटल्या आणि डेटाबेस पुन्हा उभा करायला पाच तास लागले. मिलमध्ये ऊस नेणारी गव्हाण रिकामी झाली, मिल थांबली. ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली. ऊस उन्हात, बैल जुवाखाली, माणसं संतापलेली. बाहेर तात्या एकटे त्या गर्दीला सांगत होते, "व्हईल, व्हईल, सायेब आत बसल्यात."

सायेब आत बसले होते खरे. त्या पाच तासांतल्या दोन मिनिटांत मला चूक सापडली. दोन्ही केबली ज्या नेटवर्कच्या खोक्यात जातात, त्या स्विचवर दुसऱ्या केबलीसाठी जो आकडा टाकायचा, तो मी चुकीचा टाकला होता. मी तो बरोबर केला. तुम्ही म्हणाल, चांगलं केलं. नाही. बाकी सगळं नंतर करता आलं असतं. मी तो आकडा आधी बदलला. कुणी बघायच्या आत.

तिसऱ्या दिवशी चौकशी बसली. सर्व्हरच्या खोलीत चौकशीचे तिघं जण, तात्या आणि मी. तात्या म्हणाले, "म्या एकच काढली, सायेब. देवाशपथ एकच." मग एक संचालक माझ्याकडे वळले — एक काढल्यावर बंद पडतं का, दाखवता?

मी दाखवलं. सगळ्यांसमोर एक नंबरची केबल काढली. पडद्यावर ओळी थांबल्या, आणि पाचव्या सेकंदाला पुन्हा सुरू झाल्या. किती सुरेख चाललं ते! मग निष्कर्ष काय काढायचा? एक काढून बंद पडत नाही, म्हणजे तात्यांनी दोन्ही काढल्या.

मी तात्यांकडे बघायचं टाळत होतो, पण बघितलं. ते पडद्याकडे बघत होते. मग स्वतःच्या हातांकडे. मला वाटलं होतं, ते चिडतील, मला खोटारडा म्हणतील. म्हणायला हवं होतं. ते हळू आवाजात म्हणाले, "मग माझ्याच हातनं निघाल्या आस्त्याल दोन्ही. मला कळलं न्हाय." बाहेर आल्यावर त्यांनी माझा हात धरला. "तुमच्या कामाला बट्टा लागला, सायेब, माझ्यापायी." मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "असू द्या तात्या, होतं असं."

असू द्या! मी त्यांना माफ केलं, मी.

त्यांची बदली यार्डात झाली, ट्रॅक्टरवाल्यांना टोकन वाटायला. निवृत्तीला अडीच वर्षं होती, ती त्यांनी तिथे काढली. येता-जाता ते मला नमस्कार करायचे. मी दुसऱ्या गेटने जायला लागलो.

ते निवृत्त झाल्यावर एकदा मी सांगायचं ठरवून लासुर्ण्याला गेलो. भर दुपार होती, पण त्यांच्या मधल्या खोलीत अंधार. मी विचारलं, लाइट नाही का? तात्यांच्या पत्नी, काकू, म्हणाल्या, "लाइट हाय की. बल्ब गेलाय. पुतण्या यील रविवारी, त्यो लावंल." नवा बल्ब खोक्यासकट फळीवर होता. मी तात्यांकडे बघितलं. काकूच पुढे बोलल्या, "ते हात लावत न्हाईत आता. बटन सुदिक मीच दाबती. गावातलं कुनी मोटर घिऊन आलं तर आत जाऊन बसत्यात."

तात्या कसनुसं हसले. "हाताचा भरवसा न्हाय ऱ्हायला, सायेब. तुमी आलायसा तर तेवढा लावून द्या. तुमचं काम पक्कं आस्तंय."

मी स्टुलावर चढलो आणि बल्ब लावला. काकूंनी बटण दाबलं. खोलीत उजेड पडला आणि तात्या खाली उभं राहून माझ्याकडे बघत होते — कौतुकाने. आता सांग, मी स्वतःला म्हटलं. स्टुलावरून उतरलो, चहा घेतला, उसाची, पावसाची विचारपूस केली आणि निघालो. त्यानंतर गेलो तो एकदम दहाव्यालाच.

तात्यांच्या जागेवर आता दुसरा वायरमन आहे. केबल बदलायची असली की तो मला विचारतही नाही, दारावरचा कागद वाचतो आणि बदलतो. कागद अजून तिथेच आहे, कडा पिवळ्या पडल्यात. त्यावर लिहिलंय ते आता खरं आहे. सही माझीच आहे.