युजीनचा पहिला रंगीत ढग

पाचूबंदरच्या सेलिनची नवऱ्याला बाजारात पाठवताना एकच ताकीद असे : टोमॅटो दाबून आण, बघून आणू नको. कारण युजीनला लाल आणि हिरवा सारखेच दिसत. वालीवच्या कारखान्यात तो नावाजलेला फिटर, पण रंगाचा विषय निघाला की गडी गप्प.

या गड्याला वेड होतं आकाशाचं. गच्चीवर दुर्बीण आणि तिला जोडलेला कॅमेरा. नालासोपाऱ्याकडचा झगमगाट निम्मं आकाश खाऊन टाकी, म्हणून त्याने खास फिल्टर आणले होते. एक फक्त हायड्रोजनचा उजेड आत सोडी, दुसरा ऑक्सिजनचा, तिसरा गंधकाचा. हाती येत ते दूरवरच्या तेजोमेघाचे, म्हणजे आकाशातल्या वायूच्या ढगाचे, तीन काळेपांढरे फोटो. चर्चच्या सणाला हॉलमध्ये प्रदर्शन भरे, तिथे तो ते तसेच लावी. दरवर्षी कोणीतरी विचारीच, "काय युजीन, रंग कधी भरणार?" तो हसून वेळ मारून नेई, पण ते त्याला फार लागत असे.

यंदा त्याने ठरवलं. फोटो रंगीत लावायचा, आणि रंग आपल्याच हाताने भरायचे.

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून तो संगणकासमोर बसला. सॉफ्टवेअर विचारत होतं : कुठला फोटो लालमध्ये घालू, कुठला हिरव्यात, कुठला निळ्यात? अरेच्चा, म्हणजे हे रंग माणसानेच वाटून द्यायचे होते तर. युजीनचा आनंद गगनात मावेना. गंधक लालमध्ये, हायड्रोजन हिरव्यात, ऑक्सिजन निळ्यात. बटण दाबलं आणि पडद्यावर ढग उमटला, त्याच्या मते चक्क सोनेरी.

"सेलिन, ये लवकर. सोनं बघ."

बोंबील साफ करता करता सेलिन उठून आली. "सोनं कुठलं? शेवाळ लागल्यावानी हिरवागार हाय."

युजीनचा चेहरा पडला. हिरवंही त्याला पिवळट सोनेरीच दिसे.

"मी करून देऊ? तू नुसतं बटन दाखव," ती म्हणाली.

"नको. माझं मी करतो."

मग त्याने रंगांकडे बघणंच सोडलं आणि तिन्ही काळेपांढरे फोटो परत उघडले. काळंपांढरं त्याला कोण शिकवणार? हायड्रोजन भरमसाट, बाकीचे दोघे बिचारे दबलेले. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फोटोच्या उजेडाचा आलेख दिसतो. त्याने दुबळ्या दोघांना वर ओढलं, तिघांचे उंचवटे जुळवले, फोटो पुन्हा एकत्र केले आणि खुर्चीतून उठूनच उभा राहिला.

"सेलिन, परत ये. पण तू बोलू नको, मी सांगतो." त्याने पडद्यावर बोट ठेवलं. "मधे निळं. कडेनं सोनेरी."

सेलिन बघत राहिली. खरंच तसंच होतं. हिरव्याची दादागिरी मोडली होती, लाल आणि हिरवा उजेड मिसळून पिवळा झाला होता; उरलं होतं निळं आणि पिवळं, आणि ते दोन रंग युजीनला पहिल्यापासून तुमच्याआमच्याइतकेच स्वच्छ दिसत.

"बरोबर?" त्याने विचारलं.

"बरोबर," ती म्हणाली आणि ओल्या हातांनीच त्याच्या शेजारी बसली. इतक्या वर्षांच्या संसारात दोघांनी एकाच रंगाकडे असं एकत्र बघितल्याचं तिला आठवेना. तिने ढगाच्या एका कोपऱ्याकडे हात केला. "आन हे?"

"पिवळं."

"हे?"

"निळं."

बोंबील ओट्यावर तसेच राहिले, आणि ती विचारतच राहिली.