मामाजींच्या पायापाशी

कुत्रा जाऊन पंधरवडा झाला नसेल, तेव्हा मी माझ्याच घराच्या कंपाउंडवरून आत उडी मारली. पन्नाशी ओलांडलेली, अंगावर सुती साडी, खांद्याला पर्स. समुद्रपूरची सकाळची शाळा सुटल्यावर एसटीनं हिंगणघाटला आले होते. एप्रिलचं ऊन डोक्यावर आणि फाटकाला आतून कडी. बेल दाबली, कडी आपटली, फोन लावला. फोन आत वाजत होता, मला रस्त्यावर ऐकू येत होता. समोरच्या वहिनी गॅलरीतून म्हणाल्या, स्टूल देऊ का. मी नको म्हटलं आणि पदर खोचला.

आत सासरे पलंगावर गाढ झोपले होते.

त्यांना मी मामाजी म्हणते. वय ऐंशीच्या पुढं, कान जवळजवळ गेलेले. कानाचं मशीन आहे, ते कपाटात असतं. लावलं की कानात कोणी कढई घासते म्हणतात. मी शाळेत शिकवते, नवरा वीज मंडळात. घरी ते एकटे. इतकी वर्षं काही अडलं नाही, कारण कुत्रा होता. दूधवाला, सिलिंडरवाला, मी, कोणीही आलं की कुत्रा भुंकायचा आणि मामाजी कडी काढायचे. जेवण झालं की ते पलंगावर आडवे व्हायचे, एक पाय खाली सोडून, तो कुत्र्याच्या पाठीवर टेकवून. त्या पायावरून मी किती बोलले असेन. कुत्र्याचे केस पायाला, पायाचे चादरीला, आणि चादरी धुवायला मी.

कुत्रा म्हातारा होऊन गेला. घरात रडारड झाली नाही. मी त्याचं ताट घासून माळ्यावर टाकलं, मग काही कारण नसताना खाली काढलं, पुन्हा टाकलं. वर्गात शिकवताना अर्धं लक्ष फोनकडं. मधल्या सुट्टीत वहिनींना फोन करायचा, जरा डोकावता का. त्यांनी तरी किती दिवस डोकावायचं?

भिंतीवरच्या उडीची गोष्ट नागपूरला थोरल्या दिरांपर्यंत पोचली. त्यांनी निकाल देऊन टाकला. महिनाअखेर बाबांना घेऊन जातो, चौथ्या मजल्यावर फ्लॅट आहे, खाली वॉचमन आहे, एकदम शांत. नवऱ्यानं हे मामाजींच्या कानाशी ओरडून सांगितलं.

"शांत तर मले इथंही आहे," ते म्हणाले. आणि जेवण अर्धं टाकून उठले.

दिरांचं काही चुकत नव्हतं, हीच अडचण होती. उद्या गॅस सुरू राहिला, मोटर सुरू राहिली, तर मी कोणत्या तोंडानं त्यांना नाही म्हणणार?

नवऱ्याकडं उपाय तयार होता. फोनमध्ये नागपूरच्या एका माणसाकडच्या लॅब्राडोरच्या पिल्लाचा फोटो. पिल्लू आपल्या हाताखाली वाढतं, आपल्या घराच्या सवयी घेतं, मोठा कुत्रा म्हणजे दुसऱ्याकडं बिघडलेला माल, असं त्याचं म्हणणं. जुना कुत्राही पिल्लूच आला होता, म्हणून मला एकदम खोडून काढता येईना. पण ते पिल्लू शहाणं होणार पुढच्या उन्हाळ्यात, आणि दीर येणार या महिन्यात. तोवर घरभर मुताच्या मागं फडकं घेऊन कोण फिरणार, तेही दिसत होतं.

मामाजींनी फोटो बराच वेळ पाहिला, हसले, फोन परत दिला.

"पिल्लाले माणूस लागते. मले कुत्रा पाहिजे."

रविवारी आम्ही तिघं वर्धेला गेलो. गावाबाहेर शेडमध्ये अपघातातली, टाकून दिलेली कुत्री सांभाळणाऱ्या एक बाई आहेत. आम्ही कुत्रा पसंत करायला गेलो होतो, पण उलटतपासणी आमचीच झाली. दिवसा घरी कोण असतं, गावाला गेलात तर कुत्रं कुठं, कंपाउंड किती उंच. शेवटच्या प्रश्नाला नवरा माझ्याकडं पाहून म्हणाला, हिला विचारा, हिनं मोजलंय.

जाळीमागं वीसएक कुत्री एकदम भुंकत होती. त्या कल्लोळात मामाजी खुर्चीवर निवांत. कोपऱ्यात एक तांबडी कुत्री बसली होती, मागचा पाय जरा वाकडा. जो येईल जाईल त्याच्याकडं मान वळवून पाहत होती. मामाजींनी तिच्याकडं बोट केलं. बाई म्हणाल्या, शांत आहे. कोणीतरी लाथा घातल्यात, पायांना घाबरते. नाही जमलं तर परत आणा, रस्त्यावर सोडू नका.

घरी आल्यावर ती जेवणाच्या टेबलाखाली शिरली आणि तिथलीच झाली. दूधवाला आला, भुंकली नाही. सिलिंडर आला, नाही. मी मुद्दाम बाहेर जाऊन कडी खडखडवली. नाही. मामाजी पलंगावरून पाय खाली सोडून बसत, ती तो पाय पाहून आणखी आत सरकत असे. तरी ते पाय हलवत नसत. वेणा नदीच्या काठी गळ टाकून बसावं तसे तासन् तास. मला नुसतं पाहूनच काही सुचेनासं होई.

आठवडा असाच गेला. दिरांचा फोन आला, शनिवारी गाडी घेऊन येतो. नवऱ्यानं पिल्लाचा फोटो पुन्हा उघडला. मी म्हटलं, ठीक आहे, हिला वर्धेला पोचवू. मामाजींच्या कानाशी जाऊन तेच सांगितलं.

"काऊन?"

"भुंकत नाही ती."

चौथीतल्या पोराकडं मी ज्या नजरेनं पाहते, त्या नजरेनं त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"मले कुठी भुंकणं ऐकू येते, सूनबाई? जुना भुंके ते तुमच्यासाठी. माहा पाय त्याच्या अंगावर राहे. तो उठला का मले समजे."

इतकी वर्षं मी चादरी तेवढ्या पाहिल्या होत्या.

"हिले पायाचं भेव आहे. ते जाईन," ते म्हणाले. "थोडी थांब."

थांबायला दिवस कुठं होते? मी दिरांना फोन करून एक आठवडा मागून घेतला. ते चिडले. तुम्ही काय कुत्रीच्या भरवशावर बाबांना ठेवणार, म्हणाले. मी म्हटलं, हो, आठवडाभर.

मग कामाला लागले. कुत्री टेबलाखाली का बसते, तर कूलरची हवा तिथं जाते म्हणून. नवऱ्याला कूलर उचलायला लावला आणि असा वळवला, की हवा फक्त पलंगासमोर पडेल. दोन दिवस ती टेबलाखालीच धापा टाकत राहिली. मग संध्याकाळी अर्धी बाहेर आली. मग पूर्ण, पण पायापासून हातभर लांब. मी शाळेत पेपर तपासायला बसले की एकाच मुलाचा पेपर दोनदा तपासत होते. घरी आले की कुत्री आणि पाय यांच्यातलं अंतर पाहायचं. रोज फाटकापाशी आल्यावर वहिनींना हाक मारायची, त्या स्टूल आणून द्यायच्या, त्यावर चढून मी वरून हात घालून कडी काढायची.

शुक्रवारी मी हाक मारणार, तोच कडी निघाली. मामाजी उघड्या अंगानं, झोपेतून उठलेले, वैतागलेले. मागं दारात तांबडी उभी.

"सकाळपासून चौथ्यांदा उठवलं हिनं मले," ते म्हणाले. "तीनदा खार होती."

आत जाऊन पलंगाची चादर पाहिली. पायाकडच्या बाजूला तांबडे केस होते. चादर काढली, बादलीत भिजत घातली, हात पुसले आणि नागपूरला दिरांना फोन लावला.