काजाचं घर

माझ्या थोरल्या बहिणीने छत्तीस वर्षं शिंप्याच्या दुकानात काजं केली आणि त्या काजांवर माझं शिक्षण झालं. शिकून मी काय केलं, तर शब्दांची मुळं उकरत बसलो. घरात मला ‘पंडित’ म्हणतात. तो मान नव्हे, हे कळण्याइतकी अक्कल मला आहे.

परवा कोशात सापडलं की काज हा शब्द पोर्तुगीज ‘काझा’वरून आला, आणि काझा म्हणजे घर. बटणाचं घर! उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग, तसा मी तडक दुकानात हजर झालो.

दुकानात काजाचं मशीन आलं होतं. कोटाची काजं तेवढी अजून हाताने करायची, म्हणून ताई टिकून होती. एक जरी कोट वाया गेला तरी तुम्ही घरी, असं दुकानाच्या मालकांनी, म्हणजे मास्तरांनी, तिला बजावलं होतं. हे मला ठाऊक होतं. तरी ती कोटाला कात्री लावत असतानाच मी पोर्तुगीजांना गलबतातून उतरवायला लागलो. ताईने मान वर केली, माझ्या उत्साहाला हसली आणि डाव्या बाजूचं काज उजव्या बाजूला कापून बसली.

तिचा चेहरा पांढरा पडला. मास्तर आले तेव्हा मी छाती पुढे काढून सांगितलं, की गंमत म्हणून मीच कात्री चालवली. मास्तरांनी एक चिंधी माझ्या हातात दिली आणि कापून दाखवायला सांगितलं. माझी चीर उंदराने कुरतडल्यासारखी निघाली. कोटावरची सुतासारखी सरळ होती.

"इतकं सरळ चुकणारा हात या दुकानात एकच आहे," मास्तर म्हणाले.

ताईने चूक कबूल केली आणि संध्याकाळपर्यंतची मुदत मागितली. कोटाच्याच आतल्या शिवणीतून धागे उपसून तिने ती चीर विणून बुजवली. मास्तरांनी कोट दारातल्या उजेडात नेला, उलटसुलट केला आणि शेवटी तिलाच विचारलं, की कुठे कापलं होतं?

ताईचं काम टिकलं. मला दुकानाची पायरी बंद झाली, ते योग्यच झालं.

मी रस्त्यावर थांबलो होतो. ताई बाहेर आली, डोळे चोळले आणि चालता चालता म्हणाली, "हं, आता सांग. घर की काय म्हणत होतास?"

इतक्या वर्षांत तिने माझ्या विद्येबद्दल पहिल्यांदाच काही विचारलं होतं. मला मात्र रडू आवरेना, आणि घर येईपर्यंत माझ्या तोंडून एक शब्द फुटला नाही.