बाबांचा तिसरा माउस

बाबांना चुकीचं मत मागे घ्यायला साधारण आठ महिने लागतात. एरवी त्याने कुणाचं काही बिघडत नाही. पण गेल्या वर्षी ते मत मागे घेईपर्यंत त्यांच्या नजरेचा एक तुकडा कायमचा गेला, आणि उरलेली नजर वाचते की नाही याचा घोर आम्हाला लागला. म्हणून हे लिहिते आहे. शिवाय मला त्यांचा राग आलेला आहे आणि तो लिहून काढल्याशिवाय उतरेल असं वाटत नाही.

बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. छत्तीस वर्षं तेच केलं. निवृत्त झाले तेव्हा हात शिवशिवायला लागले, आणि घरात उघडण्यासारखं दुसरं काही नव्हतं म्हणून त्यांनी माझा जुना कॉम्प्युटर उघडला. तो त्यांना इतका आवडला की पुन्हा बंद करायचं राहूनच गेलं. आजही त्यांच्या मागच्या खोलीत टेबलावर एक कॉम्प्युटर एका बाजूने उघडा असतो. झाकण लावा म्हटलं की म्हणतात, "आत काय चाललंय ते दिसायला नको?"

खोलीत बसायला एकच खुर्ची, तीही बाबांची. बाकी सगळीकडे सुटे भाग. बिस्किटांच्या डब्यांत स्क्रू, मोज्यांच्या खणात केबली. आई गेल्यापासून त्यांना टोकणारं कुणी नाही, त्यामुळे भाग आता स्वयंपाकघरापर्यंत आले आहेत. मागे एकदा मी डाळीच्या बरणीतून मेमरीची पट्टी काढली होती.

मतांचं म्हणाल तर त्यांना भागांपेक्षा जास्त जागा लागते. आयता कॉम्प्युटर विकत घेणारा माणूस आळशी. सिस्टीम फक्त फुकट मिळणारी लिनक्स, कारण ती काय करते ते विचारलं तर सांगते. कीबोर्ड वाजला पाहिजे. पंख्याचा आवाज येत नसेल तर यंत्र जिवंत आहे हे कळणार कसं? रॅम आणि जेवायची ताटं घरात दोन जास्तच असावीत. अपडेट म्हणजे घर झाडून देतो म्हणून आत शिरलेला माणूस, जाताना सोफा हलवून जातो. आणि माउसला शेपूट हवंच, बिनतारी माउस ठेवणाऱ्या माणसावर ते पैशाच्याच काय, पत्ता विचारण्याच्या बाबतीतही विश्वास ठेवणार नाहीत. हे सगळं कुणी विचारलेलं नसतं. जिन्यात भेटलेल्या माणसालाही ते ऐकवतात. त्यांच्या इमारतीतले लोक त्यांना पीसीकाका म्हणतात आणि घाईत असले की लिफ्टने जातात.

त्यांच्यापुढे टिकणारा माणूस एकच, माझे सासरे. घरात त्यांना सगळे अण्णा म्हणतात. अण्णा विमा कंपनीत होते, लोकांचे दावे खरे की खोटे ते तपासायचं काम. त्यांच्याकडे बाजारातला सगळ्यात चकचकीत कॉम्प्युटर आहे, ज्याला बाहेरून एक स्क्रूसुद्धा दिसत नाही. त्यावर ते पत्ते खेळतात. अण्णांचं मत असं की यंत्र उघडलं की त्याची अब्रू जाते. दर शनिवारी चहाला ते बाबांकडे येतात, स्वयंपाकघरातली खुर्ची उचलून मागच्या खोलीत नेतात, आणि दोघे व्याही दोन तास भांडतात. अकरा वर्षं झाली माझ्या लग्नाला. त्यातला एकही शनिवार कुणी जिंकलेला नाही.

अशाच एका शनिवारी मी चहा घेऊन गेले तेव्हा बाबा माउस टेबलावर आपटत होते.

"बाण गेला," बाबा म्हणाले.

"कुठे गेला?" अण्णांनी विचारलं.

"ते माहीत असतं तर गेला म्हटलं असतं का, व्याही?"

अण्णांनी मान पुढे केली. "हा काय. वर, उजवीकडे."

बाबांनी डोकं थोडं वळवलं. "आत्ता आला. मगाशी नव्हता. मध्येच जातो आणि मध्येच येतो."

"फुकटची सिस्टीम. बाण तरी पूर्ण वेळ कसा मिळेल?" अण्णा म्हणाले, आणि मी हसले. मुद्दाम सांगते, कारण पुढे आठ महिने मी अशीच हसत होते.

लिफ्ट बंद पडली की बाबांची एक पद्धत असायची. सगळं एकदम बदलायचं नाही. एका वेळी एकच भाग बदलायचा, बाकीचं जसंच्या तसं ठेवायचं, आणि पाहायचं. बिघाड गेला तर तोच भाग दोषी. ही पद्धत त्यांनी आता बाणावर लावली. दुसरा माउस आणला. पंधरा दिवस बरे गेले, मग बाण पुन्हा गेला. तिसरा माउस आणला. मग माउसखालची गादी बदलली. मग ग्राफिक्सचं कार्ड. मग केबल. मग चक्क मॉनिटर. प्रत्येक वेळी ते मला फोन करून सांगायचे की आता सापडला बिघाड, आणि प्रत्येक वेळी तीन आठवड्यांनी म्हणायचे की हल्ली भागच निकृष्ट येतात.

मध्ये मध्ये आणखीही काही काही होत होतं. उजवीकडे वरच्या फळीवर ठेवलेला कप हात लागून पडायचा आणि बाबा विचारायचे, इथे कुणी ठेवला? दाराच्या चौकटीला कपाळ लागायचं आणि चौकट वाकडी ठरायची. मी म्हणायचे, बाबा, आता घरसुद्धा उघडून बघा. तेही हसायचे.

मी दातांच्या कवळ्या बनवते. आमची लॅब छोटी आहे, तीन टेबलं आणि एक भट्टी. एका सोमवारी सकाळी मी मेणात पुढचे सहा दात लावत होते आणि अण्णांचा फोन आला. अण्णा कधी लॅबवर फोन करत नाहीत.

"सूनबाई, तुझ्या बाबांचा माउस ठीक आहे," ते म्हणाले.

"मग बरंच झालं की."

"ऐक. शनिवारी मी स्वतः तो हलवत होतो. हळूहळू. बाण पडद्यावर होता, मला सारखा दिसत होता. ते समोर बघत होते आणि म्हणाले, गेला. मी तीन वेळा केलं. तिन्ही वेळा एकाच जागी गेला. मी आयुष्यभर खोटं बोलणारी माणसं पाहिली गं. ते खोटं बोलत नाहीयेत. त्यांना दिसत नाहीये."

मी दात खाली ठेवले.

आता बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं म्हणजे मोठंच काम होतं. मी सांगून पाहिलं. ते म्हणाले, चष्म्याच्या दुकानात सहा महिन्यांपूर्वी नंबर काढलाय, शेवटच्या ओळीतली बारीक अक्षरं घडाघडा वाचली. ते खरंही होतं. अण्णा मला म्हणाले, तू गप्प बस, आणि बाबांना म्हणाले, "व्याही, मला डोळे तपासायला जायचंय. एकट्याला धास्ती वाटते. सोबत येता?" दुसऱ्याला धीर द्यायला बाबा कुठेही जातात. मीही बरोबर गेले. तिथे पोचल्यावर अण्णांनी, आलाच आहात तर तुम्हीही तपासून घ्या म्हणत दोघांची नावं लिहून टाकली.

नजरेचा आवाका मोजायचं एक यंत्र असतं. एक डोळा झाकतात, हनुवटी टेकवायला लावतात, समोर एक पांढरी पोकळ वाटी असते. मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं आणि आजूबाजूला कुठेही प्रकाशाचा बारीक ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. बाबांनी आधी यंत्राच्या मागे जाऊन केबली पाहिल्या. तिथल्या ताईंना विचारलं, "अजून ही जुनी सिस्टीम चालवता?"

"चालते म्हणून चालवतो, काका."

"शाब्बास," बाबा म्हणाले आणि खूश होऊन बसले.

तपासणी संपवून बाहेर आले तेव्हा तेवढे खूश नव्हते. यंत्र मध्येच अडकतं, म्हणाले. कितीतरी वेळ ठिपकेच येत नाहीत. बटणाची स्प्रिंगही ढिली आहे. थोड्या वेळाने कागद छापून आला. त्यावर त्यांच्या दोन्ही डोळ्यांचे नकाशे होते, आणि दोन्हीत वरच्या बाजूला काळा डाग, डाव्यात मोठा, उजव्यात लहान.

"प्रिंटरचा टोनर गळला की असा डाग येतो," बाबा म्हणाले.

मग अण्णा आत गेले. त्यांचा कागद आला. पांढरास्वच्छ.

बाबांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले. तेच यंत्र, तेच बटण, त्याच ताई, तोच प्रिंटर. बदलला होता तो फक्त खुर्चीतला माणूस. त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती, ही रीत त्यांचीच होती. त्यांचा चेहरा उतरताना मी पाहिला आणि मला वाटलं, जिंकू देत यांना एकदा, प्रिंटरच बिघडलेला असू दे. अण्णांना अकरा वर्षांत पहिल्यांदा शनिवार जिंकायची संधी होती. त्यांनी आपला कागद घडी करून खिशात घातला आणि म्हणाले, "चहा मिळतो का इथे कुठे?"

डॉक्टरबाई तरुण होत्या आणि सरळ बोलणाऱ्या होत्या. काचबिंदू, त्या म्हणाल्या.

"मोतीबिंदू असू शकेल ना?" बाबांनी आशेने विचारलं. "मोतीबिंदूत लेन्स बदलून मिळते म्हणे."

"नाही. डोळ्यापासून मेंदूकडे जाणारी नस खराब होते यात."

"म्हणजे केबल."

"केबल म्हणा. पण ही बदलता येत नाही. गेलं तेवढं परत येत नाही. उरलंय ते थेंबांनी टिकवायचं. दिवसातून दोनदा, जन्मभर, एकही दिवस न चुकवता. टिकलं तर तुम्ही शेवटपर्यंत वाचाल, लिहाल, यंत्रं उघडाल. आळस केलात तर नाही." मग त्यांनी विचारलं की हे कधीपासून जाणवतंय. मी सांगितलं, आठ महिने. त्यांनी नुसतं लिहून घेतलं. त्यांनी रागावलेलं मला चाललं असतं.

आता थेंब चालू आहेत. बाटलीबद्दल बाबांचं मत आहे की ती बनवणाऱ्याला डोळा कुठे असतो ते ठाऊक नसावं. निम्मे थेंब गालावर जातात, म्हणून अण्णा रोज सकाळी आणि संध्याकाळी येऊन घालतात. बाबा मान मागे टाकून, डोळे फाडून, तशा अवस्थेतही लिनक्सची बाजू मांडत असतात. अण्णा म्हणतात, माझ्या हातात बाटली आहे, जपून बोला. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. डाग तेवढाच होता, केसभरही वाढला नव्हता. डॉक्टरबाई हसल्या. मी बाहेर येऊन जिन्यात रडले.

त्या दिवशी घरी आल्यावर इतके दिवस दाबलेलं मी बोलून टाकलं. "आठ महिने, बाबा. मॉनिटर बदललात तुम्ही. एवढा डोक्याचा माणूस तुम्ही, एकदा एक डोळा झाकून बघावंसं वाटलं नाही?"

बाबा स्क्रूंचा डबा हलवत बसले होते. "बघितलं होतं," ते म्हणाले.

"कधी?"

"दुसऱ्या माउसच्या वेळी. डावा डोळा उघडा ठेवून भिंतीकडे पाहिलं. भिंत अर्धीच होती."

"आणि मग?"

"मग तिसरा माउस आणला."

राग होता, पण तो कुणावर काढायचा ते कळत नव्हतं. मग त्यांनी मला कधीच न सांगितलेलं सांगितलं. त्यांची आई, माझी आजी, जिला मी फक्त फोटोत पाहिलं आहे, पन्नाशीपासून भिंतीला हात लावत घरात फिरायची. शेवटी शेवटी तिला दिवस की रात्र एवढंही कळत नव्हतं. तेव्हा कुणी त्याला नाव दिलं नाही, वय झालं म्हणाले. "मला भीती वाटत होती गं," बाबा म्हणाले. "माउस बदलणं सोपं होतं."

थोड्या वेळाने त्यांनी खिशातून एक चिठ्ठी काढली. "डॉक्टरबाई म्हणाल्या, हे घराण्यात उतरतं. चाळिशीनंतर प्रत्येकाने तपासून घ्यायचं. तुझं नाव मंगळवारी लिहून आलोय."

मी एक्केचाळीस वर्षांची आहे. मी म्हणाले, "मंगळवारी जमायचं नाही. लॅबमध्ये दोन कवळ्या द्यायच्या आहेत. आणि मला काही होत नाहीये, टेबलावरचा दिवा जरा मंद झालाय, तेवढं सोडलं तर. तो बदलायचाच आहे."

बाबांनी माझ्याकडे फक्त पाहिलं, डोकं थोडं वळवून, म्हणजे मी त्यांना पूर्ण दिसेन.

मंगळवारी मी गेले. ते बाहेर बाकावर बसले, पंखा कोणत्या बनावटीचा आहे ते बघत. ताईंनी माझा डावा डोळा झाकला, हातात बटण दिलं, खोलीतला दिवा घालवला. मी हनुवटी टेकवली आणि मधल्या ठिपक्याकडे बघू लागले. एक चमकला, दाबलं. दुसरा चमकला, दाबलं. मग बराच वेळ काहीच आलं नाही. मी वाट पाहिली, आणखी वाट पाहिली, आणि मला अगदी मनापासून वाटलं की या यंत्राचं काहीतरी बिघडलंय.