उमाळे सरांचे पाहुणे

वनस्पतिशास्त्र विभागात मी रुजू झालो त्या दिवशी, विभागप्रमुख डॉ. शांताराम उमाळे यांनी मला एकच प्रश्न विचारला : "घरी एखादी खोली रिकामी आहे का?" मी शोधनिबंधांची तयारी करून गेलो होतो.

एका अमेरिकन विद्यापीठाशी आपल्या विद्यापीठाचा सहकार्याचा करार होता. तिकडून येणाऱ्या प्राध्यापकांना सरांनी कधीही अतिथिगृहात उतरू दिले नाही. ते सहकाऱ्यांच्या घरी राहत. त्यामुळेच प्राध्यापक हॅरिस आमच्या प्रताप नगरच्या घरी चार महिने राहिले, थोडे मराठी शिकले, माझ्या पत्नीच्या हातचे तिखट जेवू लागले आणि परतताना तिने दिलेली मिरची घेऊन गेले.

पुढे एकाहत्तरच्या युद्धाच्या वर्षी भारत आणि अमेरिकेच्या सरकारांचे बिनसले. करार स्थगित झाल्याची तार आली. भिवापूरच्या शेतकरी कुटुंबातील आमची विद्यार्थिनी सुनंदा संशोधनासाठी हॅरिस यांच्या विद्यापीठात निघण्याच्या बेतात होती. तिचे जाणे अडले. विद्यापीठातील वरिष्ठांनी विषय तिथेच सोडून दिला. सरांनी मात्र घरून हॅरिस यांना ट्रंक कॉल लावला आणि आम्हा उभयतांना बोलावून घेतले.

बराच वेळ ते हॅरिसबाईंच्या गुडघेदुखीची चौकशी करीत होते. न राहवून मी म्हणालो, "सर, कराराचे बोला."

रिसीव्हरवर हात ठेवून ते म्हणाले, "काहून घाई करून राहिले? कराराले गुडघे असतात का?" आणि रिसीव्हर माझ्या पत्नीकडे दिला. "घ्या वहिनी, तुमचा पाहुणा."

ती ओरडूनच बोलली, "साहेब, मिरची उरली का संपली?"

"संपली, वहिनी!" हॅरिस यांचा आवाज खोलीभर ऐकू आला.

"मंग पाठवू कोणाच्या हाती? सुनंदाले तर तुमच्या लोकायनं अडवलं!"

खरखरीतून उत्तर आले, "सुनंदाच्याच हाती पाठवा. मी बघतो."

हॅरिस यांनी आपल्या विद्यापीठात तिची हमी घेतली आणि तिला स्वतःच्या घरी ठेवून घेतले. करार पुन्हा होईपर्यंत दोन विद्यापीठांमधला तेवढाच धागा शाबूत होता. डॉ. सुनंदा आज आमच्याच विभागात शिकवतात.

गेल्या वर्षी माझी पत्नी निवर्तली. तेरवीनंतर काही दिवसांनी सर आले. म्हणाले, "तिकडून एक जण येऊन राहिला. तुमच्याकडंच उतरल."

"सर, आता स्वयंपाक कोण करणार?"

"तुम्ही. मिरची मी आणतो."

मी खोली झाडली, स्वयंपाक शिकलो. वरण जमते, भाजी अजून खारट होते.

षष्ट्यब्दीनिमित्त सरांना निरामय दीर्घायुष्य लाभो आणि त्यांचे पाहुणे असेच येत राहोत. खोली तयार आहे.