खंड्याच्या बिळासमोर

माझी आत्या हॉस्पिटलात एक्स-रे काढायची. "श्वास घ्या, रोखा, हलू नका" हे इतकं अंगवळणी पडलेलं, की घरी आम्हा मुलांच्या केसांत फणी फिरवतानाही तिच्या तोंडून तेच यायचं. आतोबांचा खोकला हटेना, तेव्हा त्यांच्या छातीचा फोटो तिनेच काढला. पडद्यावर तिला डाग दिसला. बाहेर येऊन ती एवढंच म्हणाली, "शर्ट घाला, गारठा आहे." डॉक्टरांनी सांगेपर्यंत तिने अवाक्षर काढलं नाही. वर्ष संपायच्या आत आतोबा गेले.

आत्या रडली नाही. शेजारपाजारचे कुजबुजले, दगडाच्या काळजाची आहे म्हणून. आई म्हणायची, "मन मोकळं कर गं."

"मोकळंच आहे वहिनी. आत काही नाहीच," आत्या सांगायची, रिपोर्ट वाचून दाखवावा तशी.

आतोबांना पक्ष्यांचे फोटो काढायचा भारी नाद. नाद दांडगा, पण हात थरथरता. खंड्या म्हणून ते जे दाखवायचे तो निळा फराटा असायचा, आणि आत्या विचारायची, "हा पक्षी की शाई सांडली?" ते गेल्यावर तिने त्यांचा कॅमेरा उचलला आणि रोज सकाळी तळ्यावर जाऊन बसू लागली. का, म्हणून मी विचारलं.

"घरी बसून तेच, तिथे बसून तेच. तिथे कोणी चौकशी करत नाही."

पंख पसरून वाळत बसलेले पाणकावळे, एकीकडे बुडी मारून भलतीकडेच डोकं काढणाऱ्या टिबुकल्या, दगडावरचा बगळा, समोर येईल ते ती टिपायची. फोटो असे स्वच्छ, की पीस न् पीस दिसावं.

"काय सुंदर आलेत!" मी म्हणालो.

"हो. हलले नाहीत," ती म्हणाली आणि चहा गाळायला उठली.

तळ्याच्या उभ्या मातीच्या काठात खंड्याचं बीळ होतं. नर-मादी आळीपाळीने मासा आणायचे. एरवी खंड्या मासा डोक्याकडून गिळतो. इथे मात्र माशाचं डोकं चोचीच्या बाहेर असायचं. म्हणजे मासा दुसऱ्या कुणाच्या घशात जायचा होता. आत पिल्लं होती.

आणि एका सकाळी काठाला दगडी भिंत बांधायची म्हणून खोदाईचं मशीन येऊन थडकलं. ड्रायव्हर ओरडला, "बाई, बाजूला व्हा!"

"फोटो व्हायचाय," आत्या म्हणाली. स्टँड हलवला नाही, स्वतःही हलली नाही.

तो तावातावाने खाली उतरला. तिने सरकून त्याला कॅमेऱ्यातून बघू दिलं. तो बराच वेळ वाकून राहिला. "च्यायला, आख्खा मासा घेऊन आत घुसला की!"

मग इंजिनिअर आला. "ताई, हे आंदोलन वगैरे आहे का?"

"नाही. पिल्लं बाहेर आली की मी जाते."

"अहो, पण कधी येतील?"

"मला काय माहीत? मला सांगून थोडीच येणार."

ड्रायव्हरला हसू फुटलं. इंजिनिअरने डोकं खाजवलं, काठाची लांबी नजरेने मोजली आणि मशीन दुसऱ्या टोकाला पाठवलं. तिकडून खणत खणत ते रोज थोडं जवळ यायचं. आत्याला भीती वाटली का, असं मी नंतर विचारलं. "वाटायला हवी होती," ती म्हणाली.

मशीन अगदी जवळ आलं, तेव्हा ड्रायव्हरनेच ते बंद केलं. बिळाच्या तोंडाशी एक मळकट पिल्लू आलं, धडपडलं आणि खालच्या फांदीवर पोचलं. मागून बाकीची. ड्रायव्हर टाळ्या पिटत होता. आत्याने फोटो काढले, स्टँड मिटला, त्याला "बरंय" म्हटलं आणि ती निघाली.

ती तडक आमच्याकडे आली. पायातले बूट चिखलाने भरलेले. दारातूनच म्हणाली, "वहिनी, काही खायला आहे का गं?"

इतके महिने पुढ्यात ठेवलं तर ती दोन घास खायची. मागितलं कधीच नव्हतं. आईने आमलेट केलं, मग दुसरं केलं. आत्याने ब्रेडच्या तुकड्याने बशी पुसून घेतली आणि बुटांसकट सोफ्यावर आडवी झाली. बाबा तिचे बूट काढायला वाकले, तर आईने त्यांचा हात धरला.

"झोपू दे तिला," ती म्हणाली. "सोफा काय, धुता येतो."