सोमवारची खूण

मीरा रोडला नवीन बिल्डिंगी उभ्या राहत होत्या, तेव्हा स्टेशनजवळच्या खानावळीत एक काका रोज माझ्यासमोर बसायचे. पूर्वी जहाजावर फिटर होते. नाव मी कधी विचारलं नाही. तोंडात जीभ असून हा माणूस जेवण खुणांनी मागायचा. हाताची वाटी केली की आमटी, दोन बोटं म्हणजे दोन पोळ्या. सोमवारी पोट धरून मान हलवायची, म्हणजे उपवास.

"माहितीय काका, सोमवार," म्हणत खानावळवाली मावशी वर न बघताच खिचडी सरकवायची.

मला या नाटकाचा राग यायचा. एकदा विचारलंच, बोलता येतं तर खुणा कशाला.

"कोरियात जहाज दुरुस्तीला लागलेलं. सोमवार होता. मटण नको सांगायला असंच केलं. तिथल्या खानावळीतल्या म्हातारीला वाटलं, पोट दुखतंय. तिनं भाताची पेज करून आणली. संपेपर्यंत शेजारी बसून राहिली." मग हळूच म्हणाले, "दुखत नव्हतं हो. पण मी सांगितलं नाही."

पुढच्या सोमवारी त्यांनी पोट धरलं. मावशीनं खिचडी सरकवली. मला एवढंच विचारायचं होतं, "दुखतंय का काका?"

मी मान खाली घालून ताक संपवलं.